छेदातली मुलं

सकाळचे आठ वाजलेत आणि सिस्टर बर्फाला कान लावून उभ्या आहेत. डीप फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक टेबलावर ओळीनं मांडलेत. त्यातला एक उचलायचा, कानाशी नेऊन हलवायचा, परत ठेवायचा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "आत खुळखुळ वाजलं पाहिजे. वाजत नाही तोवर डब्यात भरायचे नाहीत."

कृष्णाकाठच्या एका गावातलं हे प्राथमिक आरोग्य केंद्र. फेब्रुवारीतला बुधवार. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आत फिनेलचा वास. फ्रीझरमधला बर्फ उणे वीस अंशांच्या आसपास असतो. तो तसाच लसीच्या डब्यात लावला तर शेजारची पेंटा या लसीची बाटली गोठते, आणि एकदा गोठलेली पेंटा वितळली तरी कामाची राहत नाही. म्हणून बर्फाला आधी घाम फुटू द्यायचा, आत पाणी सुटलं की भरायचा. उन्हानं लस खराब होते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ती गारठूनही मरते हे मला त्या दिवशी कळलं. दोन ते आठ अंश, एवढ्यातच तिचा जीव.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला होता: मोजदाद. मतं, वाघ आणि जनगणना बाकीचे लेखक उचलणार हे उघड होतं. माझ्या डोक्यात मात्र एक वेगळाच आकडा बरेच दिवस अडकून बसला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी जुलैत एक अंदाज छापतात. जगातली किती बाळं लसीवाचून राहिली, याचा. जे मूल कुणाच्या समोर आलंच नाही, ते मोजतात कसं? एवढा एक प्रश्न घेऊन मी सिस्टरांच्या मागोमाग निघाले.

चौदा नावं

लसीचा डबा गावात पोचवायला एक मोटरसायकलवाला ठरलेला असतो, त्याला फेरीमागे पैसे मिळतात. निघण्याआधी सिस्टरांनी एक बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. लेबलावर टिकलीएवढा गोल, गोलाच्या आत फिकट चौकोन. लस उष्णतेत राहिली की तो चौकोन काळवंडत जातो, आणि बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. वाचता न येणाऱ्यालाही कळावं अशी ही खूण. इतकी साधी गोष्ट सरकारी कामात क्वचित दिसते.

अंगणवाडीत सतरंजी, एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीवर अननसापासून सुरू होणारी मुळाक्षरं. आशाताई ड्यू लिस्ट घेऊन बसलेल्या. चौदा नावं होती: दीड महिन्याची तीन, अडीच महिन्यांची दोन, साडेतीन महिन्यांची तीन, नऊ महिन्यांची चार आणि दीड वर्षाची दोन. आपल्याकडे बारसं, उष्टावण, जावळ असतात, तसेच हेही टप्पे आता घराघरांत पाठ झालेत. एक आजी नातवाला मांडीवर घेऊन मला सांगत होती, "साडेतीनचं झालं की मग नवव्या महिन्यापर्यंत सुटका." तिच्या स्वतःच्या दंडावर देवीच्या दोन गोल खुणा होत्या, माझ्या आईच्या दंडावर आहेत तशाच.

गोवर-रुबेलाची लस कोरडी येते. बाटलीच्या तळाशी पांढरट वडी असते, ती सोबतच्या द्रवात विरघळवायची. तो द्रवही त्याच कंपनीचा लागतो आणि तितकाच गार. एकदा विरघळवली की चार तासांचं आयुष्य. सिस्टरांनी बाटलीवर पेनानं वेळ लिहिली, दहा वीस. नऊ महिन्यांचं एकच बाळ तोवर आलं होतं आणि बाटली पाच डोसांची.

"पूर्वी आम्ही थांबायचो," त्या म्हणाल्या. "आणखी दोन पोरं येऊ देत, मग फोडू म्हणायचो. आता एकासाठी पण फोडायची असं आहे."

चार डोस वाया गेले तरी चालतील, दारात आलेलं बाळ परत जाता कामा नये. मला हा हिशेब फार आवडला. परत गेलेली आई पुढच्या खेपेला येईलच असं नाही, कारण त्या दिवशी भांगलण असते, पाव्हणे असतात, किंवा नवऱ्याचा मूड नसतो.

सुई टोचून झाली की सिस्टर प्रत्येकीला तीच चार वाक्यं सांगत. आज कोणती लस दिली, तिनं काय त्रास होऊ शकतो, परत कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं. पुढं अर्धा तास बसायचं. दहाव्या आईलाही त्यांनी ती पहिलीला सांगितल्यासारखीच सांगितली. सुईचं टोक कापणाऱ्या यंत्राचा कट् आवाज आणि पाठोपाठ बाळाचा टाहो, असा एक ताल तिथे दुपारपर्यंत चालू होता.

एक वाजेपर्यंत अकरा झाली. उरलेली तीन कुठे आहेत ते आशाताईंच्या जिभेवर होतं. एक आईबरोबर माहेरी. दुसऱ्याला ताप. तिसऱ्याची आजी नको म्हणते, मागच्या डोसाला मांडीवर गाठ आली होती. "तिच्याकडं मी संध्याकाळी चहाला जाते," आशाताई म्हणाल्या. चौदांपैकी अकरा म्हणजे एकोणऐंशी टक्के, आणि संध्याकाळच्या चहानंतर कदाचित शहाऐंशी.

पण या चौदा जणांची नावं यादीत आली कशी? आई गरोदर असताना नोंद झाली, बाळंतपण दवाखान्यात झालं, घर आशाताईंच्या सर्व्हेत आहे, म्हणून. अशी ती माळ आहे. गाव संपून कारखान्याची वाट लागली की ही माळ तुटते.

बावीस कोयते

दुपारी दोनला आम्ही अड्ड्यावर पोचलो. उसाच्या रिकाम्या झालेल्या रानात पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या, मध्ये एक पाण्याचा टँकर. पहाटे चारला फडात गेलेल्या बाया आत्ता परतत होत्या. बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची टोळी. दसरा-दिवाळीला येतात, कारखान्याचा पट्टा पडला की जातात. मुकादम बाजेवर बसला होता.

"किती माणसं आहेत तुमची?"

"बावीस कोयते."

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी कोयत्यावर होते, खाडा कोयत्यावर लागतो. बावीसातला एकही त्यानं चुकवला नसता.

"आणि मुलं?"

तो हसला. "पोरं कोण मोजतंय ताई? आसतील पंधरा-वीस."

इथं प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर चढते आणि उसाचा हिशेब किलोपर्यंत होतो. मुलांचा रकाना कुणाच्याच वहीत नाही. आशाताई कोपी-कोपीत डोकावून बोटांवर मोजत गेल्या. दोन वर्षांच्या आतली सात निघाली.

त्यातली एक नऊ महिन्यांची मुलगी, सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. आई आली तशी सिस्टरांनी आधी बाळाचा डावा दंड उघडा करून पाहिला. बीसीजीचा व्रण होता. म्हणजे जन्म दवाखान्यात झाला, तिथे पहिली लस टोचली. पुढचं?

"कार्ड गावाकडं हाय, पेटीत."

सिस्टरांनी मोबाइल काढला. आता यू-विन नावाची नोंदणी आहे, मूल कुठलंही असो, नंबर टाकला की सगळे डोस दिसायला हवेत. नोंदणीचा नंबर नवऱ्याचा होता आणि तो बंद पडून दोन महिने झाले होते. मग उरला जुना मार्ग, आईची आठवण. दीड महिन्याची दिली का? तेव्हा ती माहेरी होती. अडीचची? तेव्हा सासू आजारी होती. साडेतीनची वेळ आली तेव्हा टोळी निघायची घाई.

"आता दिली की ताप लई येतो म्हणत्यात," आई म्हणाली. "लेकरू रडाया लागलं तर फडात कसं जावं? खाडा पडतो."

हे कारण मी शहरातल्या चर्चेत कधी ऐकलेलं नाही. आपण लसीच्या भीतीबद्दल बोलतो तेव्हा अफवांबद्दल बोलतो. या बाईला कसलीही अफवा ठाऊक नव्हती. तिच्यापुढे एका दिवसाच्या मजुरीचा प्रश्न होता, आणि तो तिला अगदी नेमका कळलेला होता. सिस्टरांनी तिला भाषण दिलं नाही. "आत्ता देते. आला तर रात्री येईल, सकाळपर्यंत उतरंल. हे औषध ठेव, किती द्यायचं ते दाखवते." डाव्या मांडीत पेंटा, उजवीत न्यूमोनियाची, दंडात गोवर-रुबेला, तोंडात थेंब. आईनं मान वळवून घेतली. बाळाचे पाय धरले ते थोरल्या बहिणीनं, घट्ट आणि सराईतपणे.

नवीन कार्ड भरताना सिस्टरांचं पेन पत्त्याच्या रकान्यावर थबकलं.

"डोस माझ्या नावावर पडला," त्या म्हणाल्या, "पण ही माझ्या टार्गेटमधे नाही."

अंश आणि छेद

शाळेत अपूर्णांक शिकताना वर अंश, खाली छेद असं घोकलेलं असतं. लसीकरणाची टक्केवारी तशीच काढतात. किती मुलांना डोस दिला हा अंश, द्यायला हवा होता अशी मुलं किती हा छेद. अंश तसा सोपा, कारण तो समोर येऊन रडतो. छेद कागदावरचा असतो: लोकसंख्या, जन्मदर, गेल्या वर्षीचं टार्गेट. त्या मुलीचा डोस सांगली जिल्ह्याच्या अंशात गेला आणि ती स्वतः बीडच्या छेदात राहिली. म्हणूनच काही ठिकाणची टक्केवारी शंभराच्या वर जाते आणि बैठकीत कुणी हसतही नाही.

आता जुलैचा तो आकडा. 'शून्य डोस' मूल म्हणजे डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात या तिन्हींविरुद्धच्या लसीचा पहिला डोसही न मिळालेलं मूल. आपल्याकडे ती लस पेंटामध्येच असते. म्हणजे बीसीजीचा व्रण असूनही ती मुलगी दुपारी अडीचपर्यंत शून्य डोसच होती. ही व्याख्या मुद्दामच तशी बेतली आहे. बीसीजी बाळंतपणाच्या खाटेवरच मिळते, त्यासाठी कुणाला दार शोधत यावं लागत नाही. पेंटाचा पहिला डोस दीड महिन्यानं, म्हणजे आई घरी गेल्यावर. तो मिळाला नाही याचा अर्थ त्या घरापर्यंत कुणी गेलं नाही, किंवा घरच जागेवर नव्हतं.

२०२४ साली जगात अशी १ कोटी ४३ लाख बाळं होती. महासाथीच्या २०२१ साली हा आकडा १ कोटी ८० लाखांवर गेला होता, म्हणजे उतार आहे. पण २०१९ च्या पातळीला तो अजून आलेला नाही, आणि २०३० पर्यंत २०१९ च्या निम्म्यावर आणायचं असं जगानं ठरवून घेतलंय. पेंटाचे तिन्ही डोस पुरे करणारी बाळं शंभरात ८५. गोवराचा दुसरा डोस शंभरात ७६ जणांना. गोवराला रोखायला शंभरात ९५ लागतात. एक रुग्ण बाराएक, कधी अठरा जणांना लागण देऊ शकतो, एवढा तो चलाख.

निम्म्याहून जास्त शून्य डोस मुलं अवघ्या नऊ देशांत आहेत. नायजेरिया पहिला, त्याच्यामागे भारत. पुढे सुदान, काँगो, इथिओपिया, इंडोनेशिया, येमेन, अफगाणिस्तान, अंगोला. यातल्या बऱ्याच ठिकाणी बंदुका चालू आहेत. भारतात तसं काही नाही, आणि इथं सुधारणाही खरी आहे: २०२३ मध्ये १६ लाख, २०२४ मध्ये ९ लाख. एका वर्षात एवढी घट म्हणजे कुणीतरी उन्हातान्हात फिरलंय. हे श्रेय मोकळ्या मनानं द्यायला हवं.

पण मग आपल्या सरकारनं हीच गोष्ट सांगताना काय केलं? शून्य डोस मुलांचं प्रमाण एकूण लोकसंख्येच्या ०.११ टक्क्यांवरून ०.०६ टक्क्यांवर आलं, असं जाहीर केलं. एकूण लोकसंख्येच्या! म्हणजे मी, तुम्ही, संपादक आणि तो मुकादम हे सगळे छेदात. आपल्याला पेंटा द्यायचीच नव्हती. छेदात त्या वर्षी जन्मलेली बाळं घेतली तर शंभरात जवळपास चार येतात. आकडा खोटा नाही. नको ती माणसं छेदात कोंबली की ९ लाख मुलं दशांश चिन्हामागे दिसेनाशी होतात, इतकंच.

भिंतीवरचा एक्स

छेद नीट मोजण्याची एक विद्या आपल्याला चांगली येत होती. पोलिओच्या दिवसांत दारोदार फिरणारी माणसं खडूनं घरावर खूण करत. घरातल्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले की इंग्रजी पी. एखादं मूल बाहेर गेलेलं असलं, नकार असला, कुलूप असलं की एक्स. सोबत तारीख आणि पथकाचा क्रमांक. मुलाच्या डाव्या करंगळीला शाई. मग पुढचे दिवस एक्सचं पी करण्यात जायचे. वीटभट्ट्या, पालं, रेल्वे फलाट, यात्रा, बिहारातल्या कोसी नदीच्या पुरात बेट झालेल्या वस्त्या, सगळीकडे. भारतातला पोलिओच्या जंगली विषाणूचा शेवटचा रुग्ण हावडा जिल्ह्यात १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. थेंब तर आधीपासून होतेच. शेवटी उपयोगी पडला तो भिंतीवरचा एक्स.

देवी गेल्या त्याही अशाच. शेवटी-शेवटी सरसकट टोचणं मागं पडलं आणि रुग्णाचं चित्र असलेलं कार्ड दाखवत घरोघरी विचारणं सुरू झालं, रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवलं गेलं.

ही विद्या आपण विसरलो की काय, असं मला २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईच्या गोवंडीत वाटलं होतं. ऑक्टोबरअखेर तिथल्या रफीनगरात मुलं तापानं दगावली आणि गोवराची साथ उघड झाली. मग भिवंडी, मालेगाव. देवनारच्या डंपिंग ग्राउंडला टेकलेल्या गल्ल्यांतून आरोग्यसेविका वह्या घेऊन फिरत होत्या. एक मजली, दोन मजली, वर पोटमाळा. घराला नंबर एक आणि कुटुंबं तीन. खालच्या बाईनं "आमच्यात लहान मूल नाही" म्हटलं की नोंद पुरी व्हायची, आणि लोखंडी शिडीच्या वरच्या टोकाला नुकतंच उत्तरेकडून आलेलं बिऱ्हाड तसंच राहायचं. शिडी चढणारी सेविका आणि न चढणारी सेविका यांच्या टक्केवारीत कागदावर फरक पडत नाही. गोवर मात्र शिडी चढतो. साथीनंतर ज्या वस्त्यांत उद्रेक होता तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरलं. मशिदींतून आवाहनं झाली, मौलानांनी साथ दिली. "माता आल्यात, सुई नको" म्हणणाऱ्याही भेटल्या. कडुलिंबाचा पाला उशाला ठेवणाऱ्या. पण त्या थोड्या होत्या. बऱ्याच जणींचं म्हणणं एवढंच होतं, की आम्हाला कुणी विचारलंच नाही.

छेद कोसळायला मोठा देश लागत नाही. पॅसिफिक महासागरातल्या सामोआची वस्ती दोन लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. जुलै २०१८ मध्ये तिथं दोन बाळं लस दिल्यावर लगेच मेली. नर्सनी लसीची वडी विरघळवायला ठरलेल्या द्रवाऐवजी स्नायू शिथिल करणारं, मुदत संपलेलं औषध वापरलं होतं. दोष बाटलीतल्या लसीचा नव्हता, पण सरकारनं कार्यक्रम थांबवला आणि लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. त्या वर्षी गोवराचा पहिला डोस मिळालेली बाळं शंभरात फक्त ३१. पुढच्या वर्षी गोवर आला: ५,७०० हून जास्त रुग्ण, ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांच्या आतले. डिसेंबर २०१९ मध्ये दोन दिवस सगळा देश बंद ठेवला. ज्या घरात लस न घेतलेलं माणूस असेल त्यांनी दाराबाहेर लाल कापड लावायचं आणि पथकांनी कापड बघत फिरायचं. तोही एक्सच, फक्त लाल.

अंगणवाडीत सिस्टर द्रवाच्या बाटलीवरचं नाव एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं वाचत होत्या, तेव्हा मला सामोआच आठवलं.

गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाचा पाय लुळा पडला. तिथं पोलिओ सापडला तो पंचवीस वर्षांनी. थेंब पाजायला रोज काही तास लढाई थांबवण्याचं ठरलं, आणि पहिल्या फेरीत साडेपाच लाखांवर मुलांना ते पाजले गेले. मोडक्या भिंतींवर खूण कुठे करणार? तिथंही करंगळीच रंगवली.

अमेरिकेची गोष्ट उलटी. तिथं मुलं यादीत आहेत, पत्ता आहे, फ्रिज आहेत, आईबापच नको म्हणतात. २००० साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर करणाऱ्या त्या देशात २०२५ च्या टेक्सासमधल्या साथीत ७६२ रुग्ण झाले आणि दोन मुलं गेली. आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर येणारे लसविरोधी व्हिडिओ तिकडूनच उतरवलेले असतात. त्याच अमेरिकेत एमएससाठी निघालेल्या आपल्या पोरांकडे विद्यापीठ गोवराच्या दोन डोसांचा पुरावा मागतं. मग इकडे आया कपाटातल्या साड्यांखाली वीस वर्षांपूर्वीचं पिवळं पडलेलं कार्ड शोधत बसतात. माझ्या बहिणीनं तिच्या मुलाचं शोधलं. मिळालं नाही. दोन डोस पुन्हा घ्यावे लागले.

हडपसरची बाटली

या सगळ्यात महाराष्ट्राचं एक वेगळंच नातं आहे. पुण्याच्या पूनावालांचे शर्यतीचे घोडे म्हातारे झाले की मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. घोड्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचा, धनुर्वातावरचा उतारा काढत. मग हे आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट निघाली. आज जगातल्या गरीब देशांच्या लसीच्या डब्यांत हडपसरहून गेलेली बाटली सर्रास असते.

त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या ऋतूत मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंजायटिसच्या साथी येत. १९९६-९७ च्या एका साथीत अडीच लाख लोक आजारी पडले, पंचवीस हजार मेले. लस करायची तर डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला पाहिजे, असं तिथल्या देशांनी सांगितलं. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. पुण्यानं ती केली. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये ती द्यायला सुरुवात झाली. पुढे अभ्यासात दिसलं की ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उन्हात चार दिवस टिकते. २०१२ मध्ये बेनिन देशात ती बर्फाशिवाय गावात नेली गेली. बर्फाला कान लावून उभ्या राहिलेल्या सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या बघतच राहिल्या. "बर्फ नाही म्हणजे निम्मं ओझं गेलं की हो." त्या पट्ट्यातून ए गटाच्या जंतूमुळे होणारा तो रोग जवळपास नाहीसा झाला.

आता मलेरियाची आर-२१ लसही पुण्यातच बनते. पन्नास वर्षांत लसींनी जगभर १५ कोटी ४० लाख जीव वाचवले असा हिशेब २०२४ मध्ये मांडला गेला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा गोवराच्या लसीचा. बाटलीनं आपलं काम केलंय. अडतं ते पुढे, शिडीवर आणि कोपीत. आणि आता पैशावरही: गरीब देशांसाठी लसी विकत घेणाऱ्या गावी या संस्थेचा निधी थांबवत असल्याचं अमेरिकेनं जून २०२५ मध्ये सांगून टाकलं.

हडपसरहून तो कोप्यांचा अड्डा गाडीनं चार-पाच तासांवर आहे.

पट्टा पडल्यावर

पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे जावे लागतात. फेब्रुवारीत पहिला, म्हणून मार्चमध्ये दुसरा. मार्चच्या त्या बुधवारी सिस्टर अड्ड्यावर गेल्या तेव्हा रानात चुलींची राख आणि फाटकं प्लास्टिक होतं. पट्टा चार दिवस आधी पडला होता.

मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "सात जणांचे पत्ते घेतले होते मी. मुकादमाकडून त्यांच्या गावच्या आशाताईचा नंबर काढला आणि तिला फोटो पाठवले कार्डांचे." हे कुठल्या आदेशात आहे का? "नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आहे."

सातांपैकी पाच जणांचा पुढचा डोस एप्रिलमध्ये तिकडे पडला. त्या मुलीचाही. दोन कुटुंबं गावी पोचलीच नाहीत, वाटेत कुठंतरी वीटभट्टीवर थांबली असं कळलं. ती दोन मुलं आज कुठल्या जिल्ह्याच्या छेदात आहेत ते सिस्टरांना सांगता येत नाही, मलाही नाही.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा टोळ्या पुन्हा निघालेल्या असतील. तुमच्या गावाच्या शिवेवर कोप्या पडल्या की एकदा तिकडून चक्कर मारा आणि दोन वर्षांच्या आतली मुलं किती, तेवढं मुकादमाला सोडून बायांना विचारा. तो आकडा उपकेंद्रातल्या सिस्टरांना किंवा आशाताईंना फोनवर सांगा. नावं नाही मिळाली तरी चालेल. कुठल्या रानात, किती, एवढं पुरतं.